दिवा लागतो, आवाज नाही

घरातल्या बहुतेक वस्तू बिघडल्या की बोलायला लागतात. मिक्सर किंचाळतो, पंखा एका लयीत कुरकुरतो, फ्रिज रात्री सगळे झोपल्यावर घसा खाकरतो, आणि वॉशिंग मशीन तर जागा सोडून पुढे येऊनच गाऱ्हाणं मांडतं. स्पीकर तेवढा बिघडला की गप्प होतो. ज्याला बडबडीसाठीच घरात आणलं, त्यानं आजारपणात एवढा संयम दाखवावा याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. अडचण इतकीच, की ज्या घरात माणसांपेक्षा मोबाइल जास्त आहेत आणि खिडकी रस्त्याकडेची आहे, तिथे कुणी गप्प बसलं तर ते बिघडलंय असं कुणाच्या मनातच येत नाही. शहाणं झालं, असंच वाटतं.

आमचे दोन टॉवर स्पीकर असे शहाणे झाले. कमरेच्या वर येणारे, काळेभोर, अंगावरची धूळ आणि बोटांचे ठसे सारख्याच अभिमानानं मिरवणारे. टीव्हीच्या दोन बाजूंना ते अशा थाटात उभे असतात की घरात आल्या दिवसापासून त्यांचं नाव जय आणि विजय पडलं. वैकुंठाच्या दारातले ते दोघे तोडीस तोड असतील. आमच्या जोडीत मात्र एक भानगड आहे. आवाज मोठा करणारा अँप्लिफायर एकट्या जयच्या पोटात. पाठीवरची बटणं त्याची, विजेची वायर त्याला, लाल-पांढऱ्या पिनांची भोकं त्याच्याकडे, ब्लूटूथचा निळा दिवाही त्याच्याच कपाळी. विजयच्या पाठीला नुसते दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा, आणि तिथून निघून सोफ्यामागून सरपटत जयकडे जाणारी एक बारीक वायर. जय पाठवील तेवढं विजयनं बोलायचं. दिसायला दोघे जुळे, उंची तीच, लाकूड तेच (लाकूड म्हणजे दाबलेला भुसा, पण द्वारपालांच्या बाबतीत इतकं खोलात जाऊ नये), पडदे तेच, आणि तरी एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत. अशा जोड्या माणसांतही पुष्कळ पाहिल्या आहेत, पण त्या दिवाणखान्यात इतक्या सरळ उभ्या राहत नाहीत.

मौन काही एका रात्रीत आलं नव्हतं. आधी कित्येक महिने एक बारीक घुमणं सुरू झालं होतं, गाणं लावलेलं असो वा नसो. पाहुणे म्हणून आलेल्या आत्यानं ते सगळ्यांत आधी ओळखलं. आत्या भजनी मंडळात पेटी वाजवते. चहाचा कप हातात तसाच धरून ती म्हणाली, "अरे, हा पांढरी पाचला लागलाय की!" आणि तिचं खरं होतं. भिंतीतली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेत येते. अँप्लिफायरमधल्या चार डायोडच्या पुलावरून उतरली की तिच्या १०० उचक्या होतात, आणि १०० हा आकडा खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या केसभर वर बसतो. या उचक्या गिळून वीज सपाट करायचं काम असतं कपॅसिटरचं. तो म्हातारा झाला, त्याच्या पोटातला द्रव सुकला, की त्याला उचक्या आवरत नाहीत आणि त्या थेट आपल्या कानावर येतात. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं दोन दिवस त्या सुरावर बसून रोजचा रियाज उरकला आणि जाताना "तंबोऱ्यापेक्षा बरा, जुळवायला लागत नाही" असा शेरा देऊन गेली. म्हणजे एका कपॅसिटरचं मरण आमच्याकडे काही दिवस संगीतसेवा म्हणून रुजू झालेलं होतं. पुढे खर्जातला आवाज पातळ झाला, मग चालू केल्यावर आवाज यायला वेळ लागू लागला, आणि एके संध्याकाळी तो घुमारासुद्धा थांबला. निळा दिवा मात्र तसाच.

"दिवा लागतो, आवाज नाही." दुरुस्तीच्या दुकानात रोज ऐकू येणारं हे वाक्य. सांगणाऱ्याच्या स्वरात प्रत्येक वेळी थोडं आश्चर्य आणि थोडी फसवणूक झाल्याची भावना असते, जणू दिवा लावून वस्तूनं वचन दिलं होतं. खरी गोष्ट अशी की दिव्याचं आणि आवाजाचं घर वेगळं. दिवा, ब्लूटूथ आणि रिमोटची वाट पाहत जागा राहणारा तो चिमुकला मेंदू, यांना वेगळा छोटा वीजपुरवठा असतो; आवाज वाहणाऱ्या भागाला वेगळा, मोठा. मोठा कोसळला तरी छोट्याला पत्ता नसतो. फोन जोडला की तो आनंदानं "कनेक्टेड" असं दाखवतो. आतला गायक गेला तरी दारावरचा माणूस तिकिटं फाडतोच आहे.

बिघाड शोधणं म्हणजे वायरी उचकटणं, असं मला आजवर वाटायचं. आधी गप्प बसण्याचे प्रकार ओळखावे लागतात, हे या निमित्तानं कळलं. दिवाही नाही आणि आवाजही नाही, ही सगळ्यांत सरळ शांतता; प्लग, वायर किंवा फ्यूज, यापलीकडे सहसा जात नाही. दिवा आहे, आवाज नाही, पण पडद्याला कान लावला तर सूंऽऽ असा वाऱ्यासारखा बारीक आवाज येतोय, म्हणजे अँप्लिफायर जिवंत आहे आणि त्याला कुणी काही सांगतच नाहीये. तिथे पिना तपासाव्यात, किंवा लहान मुलानं रिमोटवरचं म्यूटचं बटण दाबलंय का ते विचारावं. आतून टक् असा आवाज येतो आणि तेवढ्यावरच थांबतं, ती शांतता जबाबदारीची असते: बाहेर पाठवण्याजोगं नसलेलं काहीतरी दाराशी आलंय, ते स्पीकरच्या अंगावर जाऊ नये म्हणून रिलेनं दार धरून ठेवलंय. आणि चौथी आमची. दिवा आहे, टक् नाही, आणि जयच्या छातीला कान लावून पाच मिनिटं उभं राहिलं तरी सूंसुद्धा नाही. (असं उभं राहताना घरातलं कुणी खोलीत आलं तर स्पष्टीकरण देत बसू नये. माणूस आपला आपण समजून जातो.)

तसा कान लावून उभा असताना मला साताऱ्याचं घर आठवलं. आजी-आजोबांचा अबोला हा त्या घराचा एक ऋतू होता. कारण काय हे कुणालाच आठवत नसे, त्यांनाही नसावं. आजोबा ओसरीवर आरामखुर्चीत, कानानं अधू. आजी आत चुलीपाशी, आणि तिचा आवाज मुळात इतका हलका की मांजरसुद्धा दुसऱ्या हाकेला येई. या दोघांच्या मधल्या माजघरात मी. "त्यांना म्हणावं, पानं घेतलीत," आजी पुटपुटायची, आणि मी ओसरीवर जाऊन आजोबांच्या कानाशी गर्जायचो, "पानं घेतलीऽऽत!" "सांग तिला, भूक नाही." हे मी आत येऊन सांगायचो, थोडं मऊ करून. अँप्लिफायरमध्ये जे दोष असतात ते सगळे माझ्यात होते. "ताक घेणार का विचार" हे माझ्यातून बाहेर पडेपर्यंत "आजी म्हणते ताक घ्याच" असं होऊन जाई, आणि तापलो की मी मधेच बंद पडून पेरूच्या झाडावर जात असे. तेव्हा अबोला शब्दशः पूर्ण व्हायचा. खूप वर्षांनी, दोघंही गेल्यानंतर, एक गोष्ट लक्षात आली ती त्या ओसरीची आठवण काढता काढताच. आजी आत पुटपुटली आणि मी उंबरा ओलांडला, की आजोबांचा हात काठीकडे आधीच गेलेला असायचा. माझी गर्जना व्हायची त्यानंतर. ती ऐकून घेतल्यावर मात्र ते नव्यानं ऐकल्यासारखं "काय? बरं बरं" म्हणत उठायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही माझी नोकरी धोक्यात आणली नाही.

असो. पहिली शंका फिटली ती विजयबद्दलची. चिमट्यांतून वायर सोडवली आणि तिच्या दोन टोकांना साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. खर्रर्र. पडदा अंगठ्याच्या नखाएवढाही हलला नसेल, पण हलला, आणि कितीतरी दिवसांनी विजयच्या तोंडून एक अक्षर निघालं. दीड व्होल्टवर बोलणारा स्पीकर निरोगी असतो. दोष जयच्या पोटात होता, हे ठरलं. आणि त्यातलं दुःख असं की बाकी सगळं धडधाकट होतं. पडदे चांगले, कॉइल चांगली, पेटी चांगली. पूर्वी अँप्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे, एक गेला तर दुसऱ्याचा संसार दुसऱ्याबरोबर मांडता यायचा. एकाच पेटीत बसवलेल्यांचं तसं नसतं.

ही एकाच पेटीतली जोडी काही हल्लीची नाही. आज घराघरात जो स्पीकर आहे, चुंबकात लटकणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी शंकू, त्याची घडण चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९२५ साली मांडली. पाठोपाठ १९२६ मध्ये तो रेडिओला १०४ या नावानं बाजारात आला, तेव्हा त्याच्या पेटीत अँप्लिफायर सोबत होताच. त्याची ताकद होती १ वॉट. त्या एका वॉटवर तेव्हाचे लोक खोलीभर बसून गाणी ऐकायचे आणि तृप्त व्हायचे. त्यांचे कान काही वेगळे नव्हते. मध्यमवर्गीय खोलीत, शेजाऱ्याला जाग येणार नाही अशा बेतानं आपण ऐकतो तेव्हा आजही साधारण तेवढीच ताकद खर्च होत असते. ताकद दहापट केली तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे कान हा मुळातच समाधानी प्राणी आहे, खवळवतात ते खोकी छापणारे. आमच्या जोडीचं खोकं माळ्यावर अजून आहे. त्यावर आगीच्या ज्वाळांत लिहिलंय: ५००० वॉट, पीएमपीओ. ही पीएमपीओ नावाची ताकद कशी मोजायची याचं कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही, त्यामुळे ती कुणाला कमी पडल्याचंही ऐकिवात नाही. खुद्द जयच्या पाठीवर, जिथे कायद्यानं खरं बोलावं लागतं तिथे, मुंगीच्या अक्षरांत छापलंय: वीजवापर ६० वॉट. छातीवर अडीच गीझरांची गर्जना आणि पाठीवर एका जुन्या बल्बची कबुली. मला तो जरा जास्तच आपलासा वाटला.

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीनं आधी मला संगीत ऐकायला लावलं, तेही चांगलं निम्मं गाणं, आणि मग अत्यंत गोड आवाजात सांगितलं की ते मॉडेल बंद झालंय, बोर्ड मिळणार नाही, नव्या जोडीवर मात्र सूट आहे. तिचा काही दोष नाही. तिच्या पडद्यावर जय नावाचं कुणी नव्हतं.

मग पाठीवरचे स्क्रू काढले. अँप्लिफायर एका लोखंडी पत्र्याला आतून जडवलेला असतो. पत्रा सुटला की सगळा प्रपंच वायरींसकट बाहेर येतो. मागोमाग आला पांढरा कापूस, आणि कापसातून, एकामागून एक, आमच्या घराचा इतिहास. टॉवरच्या पाठीला मुठीएवढं एक गोल भोक असतं. पडदा पुढे आवाज ढकलतो तसा मागेही ढकलतो. तो मागचा वाया जाऊ नये, खर्जाला मदत म्हणून पुढे यावा, यासाठी बेल लॅबमधल्या अल्बर्ट थुरास यांनी ही युक्ती काढली आणि १९३२ साली तिचं पेटंट मिळवलं. आमच्या लेकीनं चौथ्या वर्षी तिचा स्वतंत्र उपयोग शोधून काढला होता. दोन रुपयांचं नाणं, अर्धं खोडरबर, सागरगोटा, कुठल्याशा बाहुलीचा एक बूट, आणि कापसात खोल रुतून बसलेली, रंग जराही न उडालेली, कॅरमची राणी. या राणीसाठी त्या काळी आमच्याकडे कपाटं सरकवली गेली होती. शेवटी एका काळ्या सोंगटीला नेलपॉलिश लावून तिला गादीवर बसवलं, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही त्या तोतया राणीसाठी भांडलो. खरी इथे, जयच्या पोटात, सगळी गाणी आतून ऐकत बसली होती. मी फोटो काढून लेकीला बंगळूरला पाठवला. ऑफिसच्या वेळेत ती कधी उत्तर देत नाही. या वेळी लगेच आलं. "कव्हर व्हायचीय अजून. जपून ठेवा. दिवाळीत आले की बघते."

पत्र्यासकट अँप्लिफायर कापडी पिशवीत घालून मी बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या त्या गल्ल्यांत वायर, बल्ब, स्विच, पंखे आणि माणसं यांची अशी दाटी असते की नेमकं कोण कुणाला जोडलंय ते सांगता येत नाही. दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली होतं. काका साठीपुढचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. भिंतीवर एक उघडाबागडा स्पीकर खिळ्याला टांगलेला, पेटी नाही, जाळी नाही, शंकूवर शाईचा डाग. गावभरचे मेलेले अँप्लिफायर जिवंत झाल्यावर पहिला शब्द या स्पीकरमधून बोलतात. त्या मानानं त्याचा चेहरा फारच निर्विकार होता.

"दिवा लागतो, आवाज नाही," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. त्यांनी प्लग लावला नाही, मीटर उचलला नाही. आधी मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर एक रेझिस्टर टेकवून धरला. "प्लग काढला तरी हा विसरत नाही लगेच," ते म्हणाले. "मनात ठेवतो. बोट लावलं की दाखवतो मग." त्यानंतर आतला काचेचा फ्यूज काढून दाराच्या उजेडाकडे धरला. मला वाटलं, तार तुटलीय का ते बघतायत. ते काच बघत होते. काच आतून काळी-चंदेरी झाली होती. "हा भारानं नाही गेला साहेब. भारानं गेला असता तर तार नुसती मधेच सुटली असती, काच स्वच्छ राहते. हा शॉर्टनं गेला. पुढे कुणीतरी ओढलंय त्याला." म्हणजे नवा फ्यूज घातला तर तोही त्याच वाटेनं जाणार. गेलेल्याच्या चेहऱ्यावरून मारेकऱ्याचं वर्णन सांगणारा हा माणूस गुन्हे शाखेत न जाता जिन्याखाली बसलाय, हे गुन्हेगारांचं नशीब.

पुढचा भाग बघण्यासारखा होता. काकांच्या टेबलावर एका लाकडी पाटावर होल्डर, आणि त्यात जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब. भिंतीतून येणारी वीज आधी या बल्बातून जाते, मग रुग्णाकडे. रुग्णाच्या पोटात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा मार स्वतःवर घेतो. पोट साफ असेल तर क्षणभर चमकून, कपॅसिटर भरले की मंदावतो. काकांनी नवा फ्यूज घालून बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. जिन्याखालची ती खोली उजळली, स्पीकरवरचा शाईचा डाग दिसला, काकांच्या भुवया पांढऱ्या आहेत हे दिसलं. मी विचारलं, हे बल्ब अजून मिळतात का? "साठवून ठेवलेत थोडे," ते म्हणाले. "एलईडीला हे काम येत नाही. तो उजेड देतो. सोसत नाही."

अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दोन आयसी बसवलेले होते, टीडीए २०३०, पाच-पाच पायांचे, नखाएवढे. काकांनी एकाचे पाय सोल्डरमधून मोकळे केले आणि बटण दाबलं. बल्ब चमकला, आणि हळूहळू विझत गेला. "हाच." एवढंच. मग ते मूळ आजाराकडे वळले. शेजारचा कपॅसिटर बाहेरून अगदी ठाकठीक होता. फुगायची वेळ आली तर फाटता यावं म्हणून याच्या डोक्यावर फुली कोरलेली असते, तीही सपाट. मीटर लावला. अंगावर लिहिलेलं २२००, मीटर तीनशेच्या आसपास घुटमळला. आतून सुकला होता. काकांचं म्हणणं असं, की आधाराचा कपॅसिटर असा सुकला की आयसी कधीकधी आपल्या कानाला न कळणाऱ्या सुरावर नुसता थरथरत राहतो. ऐकू काही येत नाही, तापतो मात्र. तापता तापता एक दिवस आतल्या आत वितळून जातो.

कपॅसिटरच्या अंगावर बारीक अक्षरांत ८५ अंश लिहिलेलं होतं. काकांनी बदलून घातला त्यावर १०५. किमतीत फरक दोन-चार रुपयांचा. याचं एक ठोकळ गणित आहे: अशा कपॅसिटरला छापील तापमानात, समजा, २००० तासांचं आयुष्य दिलेलं असतं, आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. गरम पट्टीशेजारी, बंद पेटीत, ६५ अंशांवर राहणाऱ्या ८५ वाल्याला ८,००० तास मिळतात. रोज चार तास गाणी लावली तर साडेपाच वर्षांत संपला. तोच १०५ चा असता तर ३२,००० तास, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं. कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी हे गणित नक्की केलं असणार, दोन-चार रुपये एका बाजूला आणि सोळा वर्षांची गाणी दुसऱ्या बाजूला ठेवून. आणि पारडं कुठे झुकलं ते काका रोज त्या बल्बच्या उजेडात बघतात. मी त्यांना म्हटलं, सगळ्यांनी १०५ वालेच घातले तर तुमचं कसं व्हायचं? ते हसले नाहीत. नव्या आयसीच्या पाठीला पांढरी पेस्ट चोपडत, अभ्रकाचा पापुद्रा दोन बोटांनी सरळ करत म्हणाले, "पावसाळा आहे की. झुरळं आहेत. पाल आहे."

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी आयसीच्या एका पायाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि त्याच्या उघड्या दांडीवर बोट ठेवलं. भिंतीवरचा स्पीकर घूंऽऽ करून बोलला. माणसाच्या अंगात आसपासच्या वायरींमधली वीज सतत थोडी थोडी मुरत असते, ती एवढी मोठी होऊन ऐकू आली. आत्या असती तर सूर लगेच सांगितला असता. मला तो गाण्यापेक्षा चांगला वाटला, कारण गाणं कुणाचंही असतं, हा आवाज खास काकांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा जागेवर बसवला, कापूस आत भरला, सागरगोटा राहिला तो परत आत टाकला, राणी कपाटात. बटण फिरवलं. टक्. आणि जय-विजय दोघांनी एकदम, एकाच बाईच्या आवाजात, प्रादेशिक बातम्या सांगायला सुरुवात केली. कुठल्याशा धरणातून पाणी सोडलं होतं. मी धरणाची बातमी इतकी मन लावून कधी ऐकली नव्हती. इतक्यात बेल वाजली. शेजारच्या आजी होत्या. त्यांची बैठकीची खोली आणि आमची, मध्ये एकच भिंत.

"लागला का रे तुमचा रेडिओ?"

"हो आजी. मोठा झालाय का? कमी करतो."

"कमी कशाला करतोस!" आजींनी कानातलं मशीन बोटानं नीट बसवलं. "महिनाभर बातम्या येईनात, मला वाटलं माझं हेच गेलं. सेल बदलले. मग नातू घेऊन गेला दुकानात. तो दुकानवाला म्हणतो, मशीन एकदम उत्तम आहे, आजींचंच वय झालंय. मेला. मी तेव्हापासून गप्प बसून आहे."

मी म्हटलं, आजी, आमचा अँप्लिफायर गेला होता.

"मग सांगायचं नाही का येऊन? सेल काय फुकट येतात?" त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "आणि हे बघ, शेवटी ती हवामान सांगते ना, तिथे फार घाई करते. तेव्हा जरा मोठा करत जा."